लोखंडाच्या मानसाची पट्टी

हसा, हसा... तुमीच तेवढे कायले राहता! पुरं मंगरूळपीर हसून राह्यलं, भाजीबाजारात सांबाराची, म्हंजे तुमच्या कोथिंबिरीची, जुडी घेनारी बाई पह्यले हसते अन् मंग भाव करते, यष्टीतला कंडक्टर टिकीट फाडता फाडता इचारते, "आजी, पेशंट कसा हाये?" अन् परवा तं त्या दर्ग्यापासच्या चहावाल्यानं आपल्या मोडक्या बाकड्याकडं बोट दाखवलं अन् म्हने, "आवडामाय, याचाही पाय बसवून आनता काय?" आता याले काय म्हनावं! लोखंडाच्या मानसाले हाडवैद्याकडं नेनारी बुढी म्हनून माहं नाव झालं, पन नेलं कायले, नेल्यावर झालं काय, अन् त्या एका पट्टीत कोनाकोनाचं काय अडकून पडलं होतं, हे इचारते काय कोनी? नाही. अर्धी गोठ आयकाची अन् पुरं हसाचं. मी कोनाले नावं ठेवत नाही, पाह्यलं ते सांगतो.

आता तुमी म्हनसान, बुढीच्या हातात खेळनी आलीच कुठून. तं तुमाले सांगतो, शाळेचं तोंड मी नाही पाह्यलं अन् शाळेनं माहं नाही पाह्यलं, दोघींचंही काही अडलं नाही. आमचा मळा नाल्याच्या काठी, वांगे, मिरच्या, सांबार, जे निघन ते टोपल्यात भराचं अन् बाजारात जाऊन बसाचं, सासू होती तवापासून. अन् वांगं पाह्याची माही रीत ठरेल हाये. आधी तळहातावर तोलाचं, मंग देठ पाह्याचा, मंग अंगठ्यानं हळूच दाबाचं. वरून चकचकीत अन् आत बिया, असं वांगं मले फसवू शकत नाही. तर एका उरुसात काय झालं, माह्या बाजूले एक खेळन्यावाला बुढा येऊन बसला, त्याले भाकरीसंगं मिरच्या पाह्यजे होत्या, मी ओंजळभर देल्ल्या, त्यानं मले एक लाकडाचा पोपट देल्ला. म्हने, "बाई, याले उलटा करून पाहा." मी उलटा केला... तं मासोळी! चोचीची शेपटी झाली, शेपटीचं तोंड झालं! बाप्पा, मी पुरा बाजार उठेपर्यंत पोपट-मासोळी, मासोळी-पोपट करत बसली, टोपल्यातला सांबार सुकून गेला.

तवापासून हे याड लागलं. साधं खेळनं मले नोको, जे एकाचं दुसरं होते तेच पाह्यजे. पेटीत आता सव्वीस हायेत, एक सोडून सारे मिरच्या-वांग्याच्या बदल्यात. अन् बायका आपल्या लेकरासाठी खेळनं घेन्याआधी माह्याकडं आनतात, "आवडामाय, पाहून द्या वं." मंग मी तोलतो, जोड पाह्यतो, दाबतो, अन् सांगतो. तो पोपट पोपट म्हनून बेस हाये, पन मासोळी केली का नुसता बुडालेला पोपट दिसते. बांबूच्या काड्यांवरचं कागदाचं कमळ हाये, झटकलं का साप होते; साप एक नंबर, पन कमळ पाच वेळा झालं का चुरगाळलेलं पान होते, अन् पावसात दोन्ही गेले. नवीन प्लास्टिकचं अंडं निघालं, त्यातून पिल्लू निघते, ते उन्हात ठेवलं तं दोघंही वाकडे झाले अन् घासलेटचा वास येते तो वेगळाच. खरी वस्तू म्हनसान तं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाले जात होतो तवा माह्यासंगं रामीबाई होती, तिनं जेवनाच्या सुट्टीत चिंध्याची एक बाहुली शिवून मले देल्ली होती, लुगडं खाली केलं का हसरं तोंड, लुगडं वर पलटवलं का रडकं तोंड. दोन्हीकडून खरी! तिले आजलोक जोड मिळाला नाही. वस्तू दोन्हीकडून खरी पाह्यजे, नाही तं बदलाची खटपट कायले? मी नावं ठेवत नाही, पाह्यलं ते सांगतो.

तर अशी मी. अन् माही नात विमल. पोट्टी गुनाची, कामाले वाघीन, पन उंच! दाराच्या चौकटीतून वाकून येते. दोन जागेवरून नकार आला, "पोट्टी नवरदेवापेक्षा उंच दिसते," आता दिसते तं दिसते, नवरदेवानं बाशिंग मोठं बांधावं! पन माहा लेक उत्तमराव, विमलचा बाप, त्याची झोपच उडाली होती. तेवढ्यात हे जऊळक्याचं स्थळ आलं. पोरगा जानराव, जऊळका टेसनावर टिकीटबाबू. बाप नाही, माय हाये, दुर्गाबाई. अन् दुर्गाबाई म्हंजे... नाही, नावं ठेवत नाही मी. बसल्या बसल्या तिनं आमच्या घराचे वासे मोजले.

विमल चहा घेऊन आली. दुर्गाबाईनं खालून वर पाह्यलं, वर पाह्यता पाह्यता तिची मान दुखली असन. म्हने, "पोट्टी जरा जास्तच वाढली नाही?" उत्तमराव म्हने, "मळ्यातलं पानी बेस हाये जी..." आता हे काय उत्तर झालं? मले वाटलं, गेलं हेही स्थळ. म्हनून मीच पोराले इचारलं, "कारे बावा, जऊळक्याले गाड्या दिवसातून बोटावर मोजाच्या, एक गेली का दुसरी येईलोक तू काय करतं?"

पोरगा मायकडं पाह्यते, जमिनीकडं पाह्यते, अन् म्हनते, "आजी, खेळनी जमवतो."

अहाहा, काय ते वातावरन! उत्तमरावाचा चहा घशात अडकला. दुर्गाबाईनं कपाळाले हात लावला. "लहानपनची सवय हाये बाई, लगन झालं का सुटन. मी सांगूनच ठेवलं हाये, घरात सून आली का खेळनी पोत्यात अन् पोतं माळ्यावर!"

मी म्हनलं, "सुटाले ते काय बिडी हाये काय?" अन् उठली, अन् पेटी आनून वसरीत ठेवली.

मंग काय इचारता! मी अन् तो, दोघं खाली मांडी घालून बसलो, पोपट काढला, साप काढला, बाहुली काढली, त्यानं बाहुली दोनदा पलटवली अन् तिसऱ्यांदा पलटवाच्या आधी मले इचारलं, "पलटवू काय?" पाहा बरं! दुसऱ्याच्या वस्तूले हात लावाची रीत असते, ती या पोराले होती. त्याच्या झोल्यात एक वही निघाली. त्यानं प्रत्येक खेळन्याचं मत लिहून ठेवेल, अन् वाचाले लागला की आवाज एकदम कागदी, सरकारी: "क्रमांक नऊ. टिनाची आगगाडी. चावी भरपूर घेते. सरळ सोडली असता डावीकडे जाते. घरात वाद होतो. शेरा: मध्यम." मी इतकी हसली का डोळ्यातून पानी आलं. पोरी पाह्याले आलेले लोक हुंड्याचं बोलतात, हा पोरगा अन् मी शेऱ्याचं बोलून राह्यलो! विमल दाराआड उभी राहून राहून पायात मुंग्या आल्या म्हने तिले.

अन् मंग त्यानं झोल्यातून तो काढला.

लोखंडाचा मानूस. वीतभर उंच, निळा, छातीवर लाल चौकट, तोंडाच्या जागी नुसती एक फट. हातावर घेतला तं कच्च्या पपईसारखा जड. म्हने त्याचा मामा मुंबईले गोदीत हाये, त्यानं जपानच्या जहाजावरच्या खलाशापासून घेतला. जानराव हळूच म्हने, "आजी, हा मानूस दिसते, पन याची मोटार होते." मी म्हनलं, "मोटार? अख्खी?" "अख्खी. चाकासकट. मले आतालोक दोनदाच जमली." म्हने, "तुमच्यापाशी आठ दिवस ठेवतो, तोलून पाहा, दाबून पाहा, तुमचं मत मले वहीत पाह्यजे. फक्त मोटार नोका करू. ते पुढच्या आइतवारी आपन मिळून करू." दुर्गाबाई उठता उठता उत्तमरावाले म्हने, "आमीही आइतवारीच सांगतो, हो का नाही ते."

ते गेले अन् विमल माह्यापाशी येऊन बसली. मिरच्यांचे देठ तोडता तोडता, वर न पाह्यता म्हने, "आजी, हा मानूस मले पसंत हाये." मी म्हनलं, "कोनता, लोखंडाचा?" तं हसली नाही. म्हने, "त्यानं कप दोन्ही हातानं घेतला. अन् उंचीचं एक अक्षर बोलला नाही." बस. एवढंच बोलली. आमच्या घरात पोरी एवढं बोलल्या का लय झालं.

आता मले सांगा, मानसानं पाच दिवस कसे काढावे? पाच दिवस मी त्याच्याकडं पाह्यत होती अन् तो त्या फटीतून माह्याकडं पाह्यत होता. मी भाकर थापतो, तो पाह्यते. मी वाती वळतो, तो पाह्यते. मोटार हाये आत! अख्खी! सव्वीस खेळन्यांची मालकीन मी, अन् मले म्हनते मोटार नोका करू! गुरुवारी दुपारी घरात कोनी नव्हतं... म्हनलं नुसतं गुडघ्यापाशी वाकते काय ते पाहू. वाकलं. म्हनलं डोकं आत जाते काय ते पाहू. गेलं. पाय पाठीवर गेले, उजवीकडून दोन चाकं बाहेर आली, माह्या तोंडून "माय वं!" निघालं, अन् तिथंच... खट्. अडकलं. उजवीकडून मोटार, डावीकडून मानूस! उजवा हात पोटात अन् डावा हात वर, जसा काही हात करून यष्टी थांबवते अन् आपनच यष्टी हाये! पुढं जाईना, मागं येईना.

उत्तमराव आला, त्यानं पाह्यलं, मटकन खाली बसला. "माय! मोडलं तुनं पोट्टीचं लगन!" मी म्हनलं, "मोडलं नाही रे, अडकलं." "एकच हाये ते!" "एक नाही!" अन् विमल... विमल काहीच नाही बोलली. बादली घेतली अन् वांग्याले पानी द्याले गेली. तिचं ते न बोलनं, तुमाले सांगतो, मले उत्तमरावाच्या ओरडन्यापेक्षा लागलं. पोट्टीनं जन्मात पह्यल्यांदा काही मांगतलं होतं, अन् मी त्याचं उजवं अंग पोटात घालून ठेवलं.

शुक्रवारी सकाळीच यष्टी-ठेशनापासच्या घड्याळवाल्याकडं गेली. त्यानं भिंग लावलं, भिंग काढलं, पुन्हा लावलं. म्हने, "आजी, यात तुटलं काही नाही, मोडलं काही नाही, नुसता सांधा जागेवरून सरकला हाये. पन मी ओढला अन् तुटला तं? माह्या हातचं नाही हे."

आता तुमी लय हसता ना, तं तुमीच सांगा. तुटलं नाही, मोडलं नाही, सांधा सरकला हाये. सांधा सरकलेला मानूस कोनाकडं जाते? लोहाराकडं जाते काय? हाडवैद्याकडंच जाते ना! मंग माहं चुकलं काय?

तांड्यावर भाऊसिंग हाये, बंजारा, त्याचा बापही हाडं बसवत होता. लिंबाखाली बसते, कोनापासून काही घेत नाही, लागलं तं एक नारळ. मी फडक्यात गुंडाळून नेलं अन् रांगेत बसली. माह्यापुढं एक मनगट होतं, एक खांदा होता, अन् एक बकरी होती. माह्यामागची बाई वाकून वाकून इचारे, "लेकरू हाये काय वं? रडत नाही काहून?" मी म्हनलं, "सोसते बिचारं."

नंबर आला. भाऊसिंगनं फडक्याकडं पाह्यलं. "कोन पडलं?"

"पडलं नाही. माह्याच हातानं झालं."

"किती वर्साचं?"

"दोन असन."

त्यानं फडकं सोडलं. मले वाटलं आता उठवते मले रांगेतून. पन नाही! हा मानूस हसला नाही, बोलला नाही, डोळे मिटले अन् चाचपाले लागला, अंगठ्यानं, हळूहळू, जसं मी वांगं चाचपतो तसंच... मी म्हनलं, हाये, हा जानकार हाये. त्याची रीत अशी का दुखरं अंग बसवाच्या आधी चांगलं अंग चाचपाचं, का हाड मुळात कसं होतं ते हाताले समजावं. त्यानं डावा हात पाह्यला, डावा पाय पाह्यला. मंग उजवीकडं आला अन् थांबला. "ये चाक कायचं?"

मी म्हनलं, "ते त्याचं मोटारपन हाये भाऊ."

"मतलब?"

"मतलब हा मानूस हाये अन् मोटारही हाये. बदलता बदलता अर्ध्यात अडकला."

भाऊसिंगनं डोळे उघडले. चाक बोटानं फिरवून पाह्यलं. अन् काय इचारलं मले, ठाऊक हाये? म्हने, "बुढी माय, मंग यातलं दुखनं कोनतं? मानूस का मोटार? उजवीकडून डाव्यासारखं करू का डावीकडून उजव्यासारखं? तू बोल. मी बसवून देतो, पन काय बसवाचं ते घरच्यानं सांगावं लागते."

मी कुठून सांगू! पन म्हनलं, मानूस म्हनून देल्ला होता, मानूस म्हनून वापस जाईन. "मानूस कर बापा."

त्यानं त्याले मांडीवर घेतलं. बोटाले तिळाचं तेल लावलं. अन् तो सगळ्या पेशंटले बोलन्यात गुंतवते ना, तसाच त्यालेही इचाराले लागला, "काय रे बाबू, गाव कोनतं? जपान? भल्लं दूर हाये रे. जेवला काय सकाळी? सासुरवाडी कोनती..." अन् खट्! हात बाहेर! दुसरं खट्, पाय खाली अन् डोकं वर! मागची बाई ओरडली, "रडलंही नाही वं लेकरू!" मी त्याच्या पाया पडाले वाकली, तोपर्यंत भाऊसिंगनं बांबूच्या कामट्या घेतल्या, लेप लावला, अन् पट्टी बांधाले सुरुवात! मी म्हनलं, "भाऊ, पट्टी कायले, लोखंड हाये!" तं म्हने, "सांधा सांधा असते. एकवीस दिवस हालवू नोको. रोज पट्टीवर तेल सोडाचं. मधात सोडली तं माह्यावर बोट ठेवू नोको." अन् पुढच्याले हाक मारली. तो लेप दुपारपर्यंत असा वाळला का उत्तमराव म्हने, "याच्यानं आपली भिंत लिंपून घेतली असती."

आइतवार आला. दुर्गाबाई आली, जानराव आला. मी काही लपवलं नाही. टोपल्यातून काढला अन् समोर ठेवला: निळा मानूस, उजव्या खांद्यापासून पायापर्यंत पट्टी, कामट्या, तेलाचे डाग. अन् झालं ते सांगतलं. लिंब सांगतला, बकरीही सांगतली.

जानराव पांढरा पडला. पट्टीले हात लावाले गेला अन् हात मागं घेतला. मंग म्हने, "आजी, खट् आवाज एकदा झाला का दोनदा?" मी म्हनलं, "दोनदा." त्यानं वही काढली अन् लिहिलं.

पन दुर्गाबाई! "उठ जानराव! मले वाटलं होतं, पोराचं याड सुटन असं घर पाहावं. इथं तं बुढी लोखंडाले पट्ट्या बांधते! एक याडा माह्या घरी, दुसरी इथं, अन् मधात ही ताडाएवढी पोट्टी! उठ म्हनतो!"

जानराव उठला नाही, पन बसलाही नाही, अर्ध्यात. त्याचंही तसंच झालं होतं, उजवं अंग मायकडं अन् डावं आमच्याकडं. तवा विमल बाहेर आली. वाकून आली, अन् मंग सरळ उभी राह्यली, पुरी. म्हने, "मामी, एकवीस दिवस थांबा. पट्टी सुटू द्या. मोटार झाली तं लगन. नाही झाली तं राम राम, मी पुन्हा नाव काढनार नाही, अन् तुमी खेळनी माळ्यावर टाका नाही तं नाल्यात."

"विमल!" उत्तमराव ओरडला. पन बोललं ते बोललं. दुर्गाबाईनं पट्टीकडं पाह्यलं, तिले वाटलं असन, लोखंड काय पट्टीनं बरं होते! एका दगडात सून अन् खेळनी दोन्ही टळली. म्हने, "कबूल! पन हा मानूस माह्यापाशी राहीन. तुमी मधातच सोडून पाह्यसान." अन् गेली घेऊन, काखेत मारून, जशी गवऱ्यांची पाटी न्यावी.

एकवीस दिवस! तुमाले सांगतो, बाळंतपनातही मी एवढे दिवस मोजले नाही. उत्तमराव दुसरी स्थळं पाहून राह्यला होता, विमल वांग्याले पानी देऊन राह्यली होती, एक एक आळं दोन दोनदा. अन् तिकडं जऊळक्याहून येनारे-जानारे काही काही सांगत. एकजन म्हने, दुर्गाबाई त्या मानसाले उन्हात ठेवत नाही. दुसरा म्हने, रोज सकाळी पट्टीवर तेल सोडते. मी म्हनलं, कायले सोडन ती! तं म्हने, वैद्यानं सांगतलं हाये ना. शेजारनीनं इचारलं तं तिच्यावरच खेकसली म्हने, "मले काय त्याच्यात गोडी हाये? पन पट्टी बांधेल हाये, पथ्य पाळावं का नाही?" तिसरा म्हने, जानराव ड्युटीवरून आला अन् त्याले उचलाले गेला तं माय ओरडली, "मान धर, मान!" आता पाहा, मी नावं ठेवत नाही, पाह्यलं ते सांगतो, अन् हे तं पाह्यलंही नव्हतं, म्हनून घरात कोनाले सांगतलं नाही.

एकविसाव्या दिवशी आमी सारे लिंबाखाली. भाऊसिंगनं पट्टी सोडाले घेतली, तं लेप खरवडला जाऊन राह्यला अन् दुर्गाबाई म्हनते, "हळू भाऊ, कातडी निघन!" कोनाची कातडी बाई? पन कोनी हसलं नाही. त्यानं उजवा हात वर केला, खाली केला. "बसला," म्हने. "बेस बसला." अन् जानरावाले म्हने, "घे, ने घरी."

जानराव म्हने, "आता मोटार कराची हाये."

भाऊसिंग उठून उभा राह्यला! "एकवीस दिवस बांधून बसवलेला सांधा उखळून पाह्यता? कोन म्हनलं?" मंग त्याले पुरी गोठ सांगतली, का यावर लगन हाये. त्यानं विमलकडं पाह्यलं, वर पाह्यलं, अन् लिंबाकडं तोंड करून बसला. म्हने, "मी पाह्यत नाही."

जानरावानं त्याले दोन्ही हातात धरलं. गुडघे वाकले. डोकं आत गेलं. पाय पाठीवर गेले. चाकं... उजवीकडून दोन बाहेर आली. डावीकडून... अडकलं. तिथंच. ज्या जाग्यावर माह्या हातून अडकलं होतं त्याच जाग्यावर. त्यानं दाबलं, पुन्हा दाबलं. त्याच्या कपाळावर घाम, उत्तमरावानं डोळे मिटले, विमल लिंबाच्या मुळाकडं पाह्यत होती. मी मनात म्हनलं, झालं. राम राम.

तं दुर्गाबाई म्हनते, "आन इकडं! असं रेटते काय कोनी? गार पडला हाये त्याचा सांधा, आठच्या गाडीनं आनला, वारं लागलं." घेतला मांडीवर. पदरानं पुसला. बोटाले तेल घेतलं अन् तळहातावर तळहात घासून गरम केलं, अन् डाव्या खांद्याखाली अंगठा ठेवून चोळत बसली, चोळता चोळता अगदी हळू, आमाले आयकू येऊ नये अशी, "कुठं दुखते रे बापू... इथं काय... इथं..."

खट्.

मोटार! अख्खी! चारही चाकं! दुर्गाबाईच्या मांडीवरून घरंगळली अन् सरळ भाऊसिंगच्या पायापाशी जाऊन थांबली, डावीकडं नाही, उजवीकडं नाही, सरळ!

 दुर्गाबाई आपल्या हाताकडं पाह्यत होती, जसा काही तो हात तिचा नव्हताच. आपनच हरलो हे तिच्या ध्यानात आलं ते एका घडीनंतर. मंग तिनं पदर सावरला, गळा साफ केला, अन् उत्तमरावावर ओरडली, "मंग? पाहून काय राह्यले? तारीख काढा ना!" अन् माह्याकडं वळून, जरा हळू, "इहीनबाई, पुन्हा मानूस कसा कराचा, ते ठाऊक हाये काय तुमाले?"

मी माहं मत तिथंच सांगतलं अन् जानरावानं तिथंच लिहून घेतलं. मानूस म्हनून छाती चांगली, चेहरा नाही. मोटार म्हनून धाव सरळ, पन बारीक पाह्यलं तं छतावर दोन पाय झोपलेले दिसतात. जोड पक्के, पन जिव्हाळ्याशिवाय हालत नाहीत. त्यानं इचारलं, "शेरा?" मी म्हनलं, "शेरा काय, लगन हाये. तेच लिही."

लगन झालं, मळ्यातच मांडव टाकला. जेवनं झाली, पोट्टीची बिदाई झाली. आमी सारे यष्टीपाशी उभे, माहा डोळा खळत नव्हता. यष्टीत आमच्या बाजूले दुर्गाबाई खिडकीशी, मधात जानराव, अन् कडेले विमल, तिच्या मांडीवर रुखवताचं एवढं मोठं टोपलं. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी हात हालवला. विमलचे दोन्ही हात टोपल्यावर, जानराव टोपल्याची दुसरी बाजू धरून, कोनालेही हात मोकळा नाही. मी म्हनलं, जाऊ दे, सासरी निघाली पोट्टी, हात नाही हालवला तं नाही हालवला... अन् तेवढ्यात खिडकीतून हात हालला. निळा. दुर्गाबाईनं त्याले गजाशी उभा धरला होता अन् त्याचा हात वर-खाली करून राह्यली होती.

उजवाच होता. बाकी काही म्हना, सांधा बेस बसला होता.